धागा: गरम पाण्याच्या लायनी आणि व्हॉल्व्हना लेबलं – खाऱ्या हवेत टिकतील अशी

खाडीकाठ
गुहागरच्या बाजूला, समुद्रापासून दीडेकशे मीटरवर ६० खोल्यांचं रिसॉर्ट आहे. त्याच्या प्लांटरूमबद्दल विचारतोय. साधनं अशी: २ हीट पंप, गच्चीवर सोलरची क्लोज्ड लूप, २,००० लिटरचे २ कॅलोरिफायर (पाणी तापवून साठवायच्या टाक्या), स्टँडबायला डिझेलवरचा हॉट वॉटर जनरेटर, आणि लाँड्रीसाठी वेगळा छोटा स्टीम बॉयलर. हेडर (मुख्य जाड पाईप) १०० एनबी (पाईपच्या बोअरचं नाममात्र माप, मिमीत), फ्लो-रिटर्न (गरम पाणी जाणारी आणि परत येणारी लायन) ६५ एनबी, फांद्या ४० आणि २५ एनबी. सगळ्यावर इन्सुलेशन, वर ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग, त्यामुळे फ्लो कुठला नि रिटर्न कुठला हे नुसतं बघून कळत नाही.

आधीचे व्हिनाइल स्टिकर दोन पावसाळ्यांत गळाले. व्हॉल्व्हना पितळी बिल्ले होते, त्यातले अर्धे जमिनीवर सापडले. व्हॉल्व्ह साधारण १२०. डिसेंबरच्या गर्दीआधी सगळं नव्याने करायचंय. रंग कुठले, माल कुठला, नंबर कसे द्यायचे, किती नग लागतील? ज्यांनी किनाऱ्यालगत हे काम केलंय त्यांनी सांगा. पुण्या-मुंबईच्या सप्लायरचं कॅटलॉग माझ्याकडे आहे.

तिरफळ
बिल्ले मागवायच्या आधी लायनी शोधून काढा. जुना ड्रॉइंग हातात असला तरी त्यावर विसंबू नका, रिसॉर्ट वाढत जातात आणि ड्रॉइंग तिथेच राहतो.

दोन माणसं लागतात. एक पंपापासून लायनीबरोबर चालणार, दुसरा कागदावर काढणार. प्रत्येक व्हॉल्व्हला आधी तात्पुरता नंबर द्या, मास्किंग टेप आणि ऑइल पेंटचा मार्कर पुरे. सगळं फिरून झालं की वेगळ्या माणसाने उलट दिशेने, म्हणजे खोलीच्या नळापासून प्लांटरूमपर्यंत, तेच तपासायचं. दोन्ही कागद जुळले तरच बिल्ल्यांची ऑर्डर.

फ्लो-रिटर्न ओळखायला बरेच जण इन्फ्रारेड थर्मामीटर क्लॅडिंगवर मारतात. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो आकडा खोटा येतो, कारण तो पत्रा स्वतःची उष्णता फार कमी सोडतो आणि समोरच्या भिंतीचीच परत फेकतो. ६० अंशांची लायन ३२ दाखवते. क्लॅडिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा, मग त्या टेपवर मोजा. त्याहून बरं म्हणजे उघड्या, रंग दिलेल्या व्हॉल्व्ह बॉडीवर किंवा फ्लँजवर मोजणं. पहाटे गर्दीच्या वेळी नळ सगळे चालू असताना फ्लो आणि रिटर्नमधला फरक जास्त असतो, तेव्हा मोजा. रात्री बारा वाजता दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतील.

आणखी एक. बॉल व्हॉल्व्हचा दांडा बघून उघडा-बंद ठरवू नका. गंजलेला दांडा कोणी काढून परत बसवताना ९० अंशांनी फिरवून बसवलेला असू शकतो. स्पिंडलच्या टोकावरची खाच बहुतेक व्हॉल्व्हवर बोअरच्या दिशेने असते, तिच्याकडे बघा. शंका असेल तर पुढचा ड्रेन उघडून खात्री करा.

पान्हा_१४
रंगाचं आधी मिटवून टाकू. आपल्याकडे आयएस २३७९ (पाईपच्या रंगांचं भारतीय मानक) चालतं. पाण्याला सी ग्रीन, वाफेला सिल्व्हर ग्रे, गॅसला कॅनरी यलो, तेलाला लाइट ब्राऊन, हवेला स्काय ब्लू. हे झाले मूळ रंग. त्यावर कुठलं पाणी हे सांगणारे आडवे पट्टे. पट्ट्यांचा तक्ता आठवणीवर रंगवू नका, बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) प्रत समोर ठेवा.

डिझेलची लायन विसरू नका. जनरेटरची डे टँकपासून (रोजच्या डिझेलच्या छोट्या टाकीपासून) बर्नरपर्यंतची लायन बारीक असते, भिंतीला चिकटून जाते आणि कोणीच तिला लेबल लावत नाही. आग लागली तर पहिला बंद करायचा व्हॉल्व्ह याच लायनीवरचा, आणि तो बर्नरपासून दूर, दाराजवळ हवा.

पूर्ण लायन रंगवायच्या भानगडीत पडू नका. ॲल्युमिनियमवर एच प्रायमर (पत्र्याला किंचित खाऊन धरणारा अस्तर-रंग) न देता मारलेला रंग पहिल्याच पावसात पापुद्रे धरतो. पट्टे आणि लेबल पुरेत.

खाडीकाठ
कॅटलॉगमध्ये अमेरिकन पद्धतीचे हिरव्यावर पांढरी अक्षरं असलेले तयार स्टिकर आहेत. ते चालतील का?

पान्हा_१४
चालवायचे तर सगळीकडे तेच चालवा, आणि प्लांटरूममध्ये रंगांचा तक्ता लावा. अर्ध्या लायनी आयएसच्या आणि अर्ध्या अमेरिकन, हे मात्र नको. उदाहरणार्थ तपकिरी रंग दोन्हीकडे आहे, पण पोटभेद वेगळे. अक्षराच्या मापाचा हिशोब मात्र अमेरिकन एएसएमई ए१३.१ (पाईपच्या लेबलांचं मानक) मधला घ्या, तो आकड्यांत स्पष्ट दिलेला आहे. ते तिरफळताई सांगतील, त्यांना मोजमापाची आवड आहे.

खारवट
मालाबद्दल बोलतो. खाडीकाठ भाऊ, तुमचे बिल्ले पडले म्हणजे बिल्ले गेले नाहीत, तार गेली. खाली पडलेला कुठलाही बिल्ला उचलून बघा, अक्षर स्वच्छ वाचता येत असेल. किनाऱ्यावर छपाई सगळ्यात शेवटी जाते, बांधणी आधी जाते. जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार पितळेला बांधली की खाऱ्या ओलाव्यात जस्त आधी संपतं, मग लोखंड. मण्यांची साखळी तर त्याहून वाईट, प्रत्येक मण्याच्या आत मीठ बसतं आणि बाहेरून निकेल चमकत राहतं.

म्हणून पैसे बांधणीत घाला. बिल्ला एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६, ५० मिमी व्यास, १ मिमी जाड. तारही एसएस ३१६, १ मिमी. ३०४ आणि ३१६ मध्ये फरक मोलिब्डेनमचा, ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं आणि क्लोराइडला तेच अडवतं. ३०४ लगेच तुटत नाही, पण वर्षभरात चहाचे डाग पडल्यासारखा तपकिरी होतो.

आता लेझरचं. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगावकडे लेझरवाले भरपूर आहेत, पण त्यांना नीट सांगा. पत्रा तापवून काळं केलेलं अक्षर दिसायला सुरेख असतं, पण त्या जागी स्टीलचा वरचा संरक्षक थर बिघडतो आणि खाऱ्या हवेत नेमकं अक्षरच गंजतं. खोल कोरायला सांगा, किंवा सरळ पंचिंग करा. पंचाचा सेट ६ आणि १० मिमीचा घेऊन ठेवा, पुढे एखादा बिल्ला लागला तर कोल्हापूरला जायला नको.

बिल्ला हँडव्हीलला किंवा दांड्याला कधीही बांधू नका. व्हील फिरतं, तार पिळत जाते. शिवाय व्हील-दांडे एकाचे दुसऱ्याला लागतात आणि बिल्लाही दुसऱ्या व्हॉल्व्हवर जातो. गेट आणि ग्लोब व्हॉल्व्हला योकमधून (व्हीलखालच्या कमानीतून), बटरफ्लायला बॉडी आणि दांड्याच्या प्लेटमधल्या मानेला, बॉल व्हॉल्व्हला ग्लँड नटच्या खालच्या मानेला. बॉल व्हॉल्व्हवर बांधल्यावर दांडा पूर्ण ९० अंश फिरवून बघा. बिल्ला दांड्याखाली अडकला तर व्हॉल्व्ह अर्धवट बंद होतो आणि माणसाला वाटतं सीट (बॉल टेकतो ती आतली कडी) गेली.

तारेला ४ पीळ, टोक आत मोडलेलं. उघडं टोक अंधारात बोटात घुसतं.

पाईपच्या लेबलांचं वेगळं. प्लांटरूमच्या आत चांगलं व्हिनाइल चालतं, पण चिकटवण्याआधीची सफाई नुसत्या थिनरने किंवा आयसोप्रोपिलने करू नका. मीठ त्यात विरघळत नाही. आधी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दोनदा, मग कोरडं, मग आयसोप्रोपिल तेलकटपणासाठी. लेबल पाईपच्या एका बाजूला तुकडा म्हणून न लावता दोन्ही टोकांना बाणाची टेप पूर्ण वेढा देऊन तिच्याच वर ५० मिमी आणा. टेप स्वतःला जितकी घट्ट धरते तितकी क्लॅडिंगला धरत नाही.

पावसाळ्यात चिकटवू नका. पत्र्यावर सकाळी दव असतं, हाताला कळत नाही पण गोंदाला कळतं. बिल्ले मात्र भर पावसातही बांधता येतात. म्हणजे गणपतीनंतर बिल्ले, दिवाळीनंतर स्टिकर.

गच्ची, बाहेरची भिंत, समुद्राकडची बाजू इथे स्टिकर नकोच. पातळ एसएसची किंवा उन्हात टिकणाऱ्या ॲक्रिलिकची कोरीव प्लेट, तिच्या मागून एसएस ३१६ ची १२ मिमी पट्टी आणि बकल. बकल खालच्या बाजूला.

नारळीपौर्णिमा
खारो वारो कोणाक सोडीत नाय, हेंच खरां! खारवटकाका, प्लेट क्लॅडिंगला पॉप रिव्हेटने मारली तर स्वस्तात पडेल ना? पट्टी-बकलचं हत्यार सगळ्यांकडे नसतं.

खारवट
रिव्हेट किंवा स्क्रू मारलात की क्लॅडिंगला भोक पडलं. भोकातून पाऊस आत, इन्सुलेशन ओलं, आणि खाली लोखंडी पाईप बाहेरून गंजत बसतो. साधारण ५० ते १७५ अंश हा इन्सुलेशनखालच्या गंजाचा आवडता पट्टा, गरम पाण्याची प्रत्येक लायन त्यात बसते. वर पत्रा चकचकीत, आत पाईप कागदासारखा. एका लेबलासाठी एवढं नको. हत्यार भाड्याने आणा.

मत्स्यगंध_रत्नागिरी
मिरकरवाड्याकडच्या फिश प्रोसेसिंगवाल्यांसाठी जोड देतो. तिथे गरम पाणी आणि अमोनिया रेफ्रिजरेशन एकाच छताखाली असतं. अमोनिया आणि ओलावा असेल तिथे पितळ वापरूच नका. ताणाखाली असलेलं पितळ त्यात चिरा पडून तुटतं, थोडीशी गळतीही पुरते. पंचिंग केलेल्या बिल्ल्यात ताण आधीच भरलेला असतो. ३१६ किंवा प्लॅस्टिकचा कोरीव बिल्ला.

आणि प्रोसेसिंगच्या हॉलमध्ये बिल्ला, तार काहीही लोंबकळत ठेवू नका. सैल वस्तू उत्पादनात पडली तर लॉट थांबतो. तिथे व्हॉल्व्हशेजारी भिंतीवर किंवा ब्रॅकेटवर पक्की प्लेट.

तिरफळ
खारवटकाकांच्या व्हिनाइलला एक अपवाद. पाईप एसएस ३०४ चा आणि उघडा, म्हणजे इन्सुलेशन नसलेला असेल आणि ६० अंशांच्या वर चालत असेल, तर त्यावर पीव्हीसीचं लेबल किंवा पीव्हीसी टेप थेट लावू नका. पीव्हीसीतून सुटणाऱ्या क्लोराइडने ताणातल्या स्टीलला बाहेरून तडे जातात. कॅलोरिफायरचे नोझल, पंपाच्या आसपासचे तुकडे इथे हे हमखास दिसतं. तिथे बिल्ला बांधा. साधं व्हिनाइल ८० अंशांच्या वर तसंही आकसतं.

आता माप. एएसएमईचा हिशोब इन्सुलेशनसकट बाहेरच्या व्यासावर चालतो, एनबीवर नाही. इथेच ऑर्डर चुकते. बाहेरचा व्यास १९ ते ३२ मिमी असेल तर अक्षर १३ मिमी आणि रंगीत भाग २०० मिमी लांब. ३८ ते ५० ला अक्षर १९, लांबी २००. ६४ ते १५० ला अक्षर ३२, लांबी ३००. २०० ते २५० ला अक्षर ६४, लांबी ६००. त्याच्या वर ८९ आणि ८००.

तुमच्या २५ एनबी पाईपचा स्वतःचा व्यास ३३.७, त्यावर २५ मिमी इन्सुलेशन म्हणजे ८४. ४० एनबी ४८.३ चा ९८ होतो. ६५ एनबी ७६.१ चा १२६. तिन्ही एकाच गटात, ३२ मिमी अक्षर. म्हणजे तीन मापांची लेबलं मागवायची गरजच नाही. १०० एनबी हेडरवर ५० मिमी इन्सुलेशन असेल तर ११४.३ अधिक १००, म्हणजे २१४, त्याला ६४ मिमी अक्षर. १९ मिमीहून बारीक लायन असेल तर लेबल नाही, बिल्ला.

कुठे लावायचं: प्रत्येक व्हॉल्व्ह आणि फ्लँजजवळ, वळणावर, फांदी फुटते तिथे, भिंत किंवा स्लॅब ओलांडताना दोन्ही बाजूंना, आणि सरळ लायनीवर ७.५ ते १५ मीटरला एक. डोक्यावरून जाणाऱ्या लायनीवर खालच्या अर्ध्या भागात, खाली उभं राहून वाचता येईल असं. वरच्या बाजूला लावलेलं लेबल फक्त पालींना दिसतं.

लायनींची लांबी आणि भिंती किती ओलांडतात ते टाका, नग काढून देते.

खाडीकाठ
ताई, ६५ एनबी १८० मीटर, ४० एनबी २२० मीटर. भिंती-स्लॅब ओलांडायच्या जागा ११. फांद्या १६. बाहेर उघड्यावर यातली साधारण तिसरा हिस्सा लेबलं येतील.

तिरफळ
७.५ मीटरने धरलं तर १८० ला २४, २२० ला ३०. भिंतींचे ११ दुणे २२. फांद्यांचे १६. झाले ९२. यात व्हॉल्व्हजवळची आणि हेडरवरची लेबलं नाहीत, ती प्लांटरूममध्ये उभं राहूनच मोजावी लागतात कारण एका लेबलात दोन-तीन व्हॉल्व्ह भागतात. त्या भागासाठी मी नेहमी सरळ हिशोबाच्या निम्मी आणखी धरते, म्हणजे ९२ ला ४६.

बाहेरच्या ३० प्लेटांना पट्टी: ६५ एनबीचा घेर ३९६ मिमी, बकल आणि ओढीसाठी १०० धरा, म्हणजे पट्टीमागे अर्धा मीटर. प्लेटला दोन पट्ट्या. ३० मीटर लागेल, शिवाय फुकट जाणाऱ्या तुकड्यांचं वेगळं धरा. बकल ६० नाही, ७० घ्या. बकल हातातून गवतात पडतात.

बिल्ल्याची तार ३०० मिमी धरली तर १२० ला ३६ मीटर, ५० मीटरचं बंडल घ्या. कोरे बिल्ले १२ जादा.

वाफेचा_हिशोब
नंबर देताना सगळ्यात मोठी गडबड म्हणजे १ ते १२० सरळ मोजत जाणं. दुसऱ्या वर्षी ४७ आणि ४८ च्या मध्ये व्हॉल्व्ह येतो आणि "४७ अ" सुरू होतं. जागेनुसार शेकडा द्या: प्लांटरूम १००, गच्ची २००, लाँड्री ३००, शाफ्ट आणि कॉटेजकडच्या लायनी ४००. नंबराच्या आधी सेवेची अक्षरं, एचएफ फ्लो, एचआर रिटर्न, सीडब्ल्यू थंड मेकअप (भरणीचं पाणी), एसएल सोलर, एसटी वाफ, सीआर कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी). मध्ये मोकळे नंबर सोडा. काढून टाकलेल्या व्हॉल्व्हचा नंबर पुन्हा वापरू नका, जुन्या लॉगबुकात तो वेगळ्याच जागी असतो. पंपाच्या पॅनेलवर पी-१ लिहिलंय आणि पंपाच्या बिल्ल्यावर पंप-२, असं अनेक ठिकाणी आहे, तेही याच फेरीत जुळवून घ्या.

बिल्ल्यावर काय लिहायचं? पुढे नंबर. मागे दोनच गोष्टी: नेहमी उघडा की बंद, आणि बंद केल्यावर काय थांबेल. "एचएफ-१०४, आयसोलेशन व्हॉल्व्ह" यातून रात्रपाळीच्या माणसाला काहीच कळत नाही, तो आयसोलेशन व्हॉल्व्ह आहे हे दिसतंच आहे. "एचएफ-१०४ / नेहमी उघडा / पूर्व विंग खोल्या १ ते २०" हे कळतं. मुख्य फिटर सुट्टीवर गेल्यावर चिपळूणहून आलेल्या अनोळखी माणसाला व्हॉल्व्ह सापडला पाहिजे, बिल्ला त्याच्यासाठी आहे.

तक्त्यात रकाने: नंबर, सेवा, माप, प्रकार, जागा, नेहमीची स्थिती, काय थांबतं, आणि ती लायन रिकामी करायचा ड्रेन कुठला. हा शेवटचा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो आणि दुरुस्तीच्या वेळी नेमका तोच शोधावा लागतो.

बॅलन्सिंग व्हॉल्व्हच्या (प्रत्येक फांदीला किती पाणी जाईल ते ठरवणाऱ्या) बिल्ल्यावर सेटिंग कोरा, किती वेढे उघडा ते. रिटर्नचं बॅलन्सिंग कोणी छेडलं की लांबच्या विंगला गरम पाणी उशिरा येतं, मग सगळे पंपाला दोष देतात. फ्लोच्या लेबलावर ६० आणि रिटर्नच्या लेबलावर किमान ५० असं अपेक्षित तापमान घाला. शेजारी थर्मामीटर असतोच, बघणाऱ्याला लगेच तुलना करता येते. रिटर्न ५० च्या खाली राहत असेल तर लिजिओनेलाची (कोमट पाण्यात वाढणाऱ्या, न्यूमोनिया करणाऱ्या जंतूची) काळजी सुरू होते, नुसती पाहुण्यांची तक्रार नाही.

एक्स्पान्शन टँकवर (तापून फुगलेलं पाणी सामावणाऱ्या टाकीवर) प्री-चार्जचा, म्हणजे आधी भरलेल्या हवेचा, दाब आणि तपासल्याची तारीख. हा दाब पाण्याची बाजू रिकामी करूनच मोजायचा असतो, तेही त्याच प्लेटवर लिहा, नाहीतर कोणीतरी भरलेल्या टँकचा दाब मोजून "बरोबर आहे" म्हणून सही करतो.

सोलरच्या लूपला वेगळी सूचना हवी. पंप बंद पडला आणि ऊन असलं तर क्लोज्ड लूप १०० अंशांच्या वर सहज जाते. एअर व्हेंट आणि ड्रेनच्या शेजारी "उन्हात उघडू नका, वाफ" अशी प्लेट लावा.

काजूबी
वाफेच्या बाजूचं मी लिहितो. आमच्या वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यातल्या काजू कारखान्यांत कुकर आणि बोर्मा (काजूगर सुकवायची भट्टी) एकाच हेडरवर असतात. तुमच्या लाँड्रीला इस्त्रीचा रोलर आणि ड्रायर असेल, गणित तेच.

७ किलो दाबाच्या वाफेचं तापमान १७० अंशांच्या आसपास. व्हॉल्व्ह बहुतेक उघडेच असतात, त्यामुळे त्यावर लटकणारा बिल्लाही तापतो. प्लॅस्टिक, नायलॉन टाय, स्टिकर काही नको. तार थोडी लांब सोडा, १५० मिमी, म्हणजे बिल्ला बाजूला लोंबतो आणि हात न भाजता वाचता येतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा व्हॉल्व्ह म्हणजे ट्रॅपचा (वाफ अडवून फक्त कंडेन्सेट सोडणाऱ्या साधनाचा) बायपास. बॉयलर सुरू करताना कंडेन्सेट लवकर काढायला तो उघडतात आणि तसाच राहतो. ताजी वाफ थेट फीड टँकमध्ये जाते, टँकमधलं पाणी उकळायला येतं, फीड पंपाला सक्शनवर वाफ मिळते, पंप खडखडतो, बॉयलरची पातळी खाली येते. मग पंपाची दुरुस्ती निघते, ट्रॅपकडे कोणी बघतही नाही. बायपासला लाल बिल्ला, "नेहमी बंद, फक्त स्टार्टला". ट्रॅपलाही स्वतःचा बिल्ला: प्रकार, माप, कुठल्या दाबासाठी. २ किलोच्या जागी ७ किलोचा थर्मोडायनॅमिक बसवून "ट्रॅप खराब आहे" म्हणणारे पुष्कळ.

आंब्याच्या कॅनिंगवाल्यांनी हे सगळं मार्चमध्येच उरकावं. एप्रिलमध्ये पल्पच्या केटल्या सुरू झाल्या की बिल्ल्याला हात लावायला कोणी मोकळं नसतं.

वाफेचा_हिशोब
काजूबींच्या लिहिण्याला जोड. स्टीमची लायन आयबीआरखाली (बॉयलरच्या सरकारी नियमांखाली) असेल तर बिल्ल्यासाठी किंवा ब्रॅकेटसाठी तिच्यावर वेल्डिंगचा टाकाही मारू नका. बिल्ला बांधायचाच. डिझेलचा हॉट वॉटर जनरेटर १०० अंशांच्या खालीच पाणी तापवत असेल तर तो बॉयलरच्या व्याख्येत येत नाही, लाँड्रीचा बॉयलर येऊ शकतो. दोन्हींच्या प्लेटवर हे स्पष्ट लिहा, म्हणजे तपासणीच्या दिवशी गोंधळ होत नाही.

डिजिटल_देवगड
बिल्ल्यावर क्यूआर कोड टाकला तर एवढं लिहायला लागणारच नाही. स्कॅन केलं की तक्ता, फोटो, शेवटची सर्व्हिस सगळं फोनवर.

खारवट
तळघरातल्या प्लांटरूममध्ये रेंज कुठे असते? आणि गळतीच्या वेळी हात ओले असतात. जादाचं म्हणून असू द्या, पण नंबर आणि काय थांबतं हे डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे.

डिजिटल_देवगड
मान्य. मग कोड बिल्ल्यावर नको, दाराच्या आत लावलेल्या तक्त्यावर एकच. तक्ता बदलला की फाइल बदलते, बिल्ले तसेच राहतात.

तिरफळ
हे चांगलं आहे. तक्ता आणि लायनींचा आराखडा मात्र छापील हवाच. लॅमिनेशनच्या कडेतून दमट हवा आत जाते आणि शाई पसरते, म्हणून ॲल्युमिनियमवर छापून घ्या किंवा काचेच्या फ्रेममध्ये कडा सिलिकोनने बंद करा. दुसरी प्रत फ्रंट ऑफिसच्या कपाटात. प्लांटरूममध्ये पाणी भरलं असेल तेव्हा आतला तक्ता कसा वाचणार?

खाडीकाठ
लायनी शोधताना एक सापडलं. कॅलोरिफायर क्रमांक २ च्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या आधी एक बॉल व्हॉल्व्ह आहे, उघडा आहे. याला "नेहमी उघडा" लाल बिल्ला लावून कुलूप घालू का?

वाफेचा_हिशोब
नाही. तो काढून टाका. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि भांड्याच्या मध्ये बंद होणारं काहीही नको, कुलूप घातलेलंही नको. ज्याच्याकडे किल्ली आहे तो एक दिवस गळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह थांबवायला तो बंद करेल, आणि खाली हीटर चालू असेल. कॅलोरिफायर थंड करून, दाब उतरवून, तिथे सरळ निप्पल टाका. सेफ्टी व्हॉल्व्हच्या सुटकेचा पाईप जमिनीपर्यंत दिसेल असा आणा आणि त्याच्या टोकाला "गरम पाणी" लिहा. एक्स्पान्शन टँकच्या व्हॉल्व्हची गोष्ट वेगळी, तो टँक तपासायला लागतो, त्याला उघड्या स्थितीत कुलूप आणि बिल्ला.

खाडीकाठ
समजलं, काढतो. शेवटचा प्रश्न. कॉटेजकडे जाणाऱ्या लायनी जमिनीखालून आहेत. व्हॉल्व्ह चिऱ्याच्या चौकोनी खड्ड्यांत, वर काँक्रीटची झाकणं. जून ते सप्टेंबर खड्डे पाण्याने भरलेले असतात. तिथे बिल्ला कसा?

चिरेबंदी
खड्ड्यात ३१६ चा बिल्ला ठेवाच, पण त्यावर भिस्त नको. भर पावसात खड्ड्यात हात घालून कोणी वाचत नाही, आणि आत साप असू शकतो. खड्ड्याच्या काठाच्या चौकटीत नंबर कोरलेली प्लेट एपॉक्सीने बसवा. झाकणावर नको, झाकणं उचलली की अदलाबदल होतात. शिवाय जवळच्या भिंतीवर दुसरी प्लेट, त्यावर नंबर आणि दोन पक्क्या कोपऱ्यांपासून अंतर, उदाहरणार्थ "कॉटेज ३ च्या ईशान्य कोपऱ्यापासून ४.२ मी, विहिरीच्या कठड्यापासून ६.८ मी". माड किंवा आंब्यापासून अंतर देऊ नका, वादळात झाड गेलं की खूण गेली.

चर परत कधी उघडलात तर पाईपच्या ३०० मिमी वर इशाऱ्याची टेप टाका. जांभ्यात पहार मारणाऱ्याला पाईपआधी टेप लागली पाहिजे.

खड्डा तळाशी मोकळा ठेवा, सिमेंटने बंद केलेला असेल तर एक कोपरा फोडून खडी भरा. जांभ्यातून पाणी झिरपून जातं, खड्डा बारा महिने भरलेला राहत नाही. व्हॉल्व्हचा स्पिंडल वर येईल असा लांब दांडा लावून घ्या, म्हणजे जुलैमध्येही पाण्यात हात न घालता फिरवता येईल.

खाडीकाठ
खड्डे ९ आहेत. लांब दांडे कोणत्या मापाचे मागवू?

चिरेबंदी
प्रत्येक खड्ड्यात स्पिंडलच्या टोकापासून झाकणाच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा आणि त्यातून १०० मिमी वजा करा. नऊही वेगळे निघतील, एकाच मापाचे मागवू नका.